वाकळीत शिवलेले लेथ

हिंगोली,
रविवार

तीर्थस्वरूप संतरामदादा यांसी,

शिवशंकरचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचा समजून स्वीकारावा. गुडघ्याचे कारण पुढे ओघाने येईल. ते या पत्राच्या विषयाबाहेरचे नाही.) आपली प्रकृती उत्तम असावी. वहिनींच्या कमरेला नव्या पट्ट्याने आराम पडला असावा, आणि पडला नसल्यास त्यांनी निदान तो पट्टा खोक्यातून बाहेर काढला असावा, अशी आशा करतो. सेनगावकडे यंदा तुरीवर अळी फार असल्याचे येथील बसस्थानकावर ऐकले. आपले कृषी सेवा केंद्र असल्यामुळे या वार्तेबद्दल खेद व्यक्त करावा की अभिनंदन, याचा निर्णय मला करता आलेला नाही. म्हणून दोन्ही राखून ठेवतो.

हे सर्व फोनवर सांगता आले असते. परंतु आपण फोन उचलून 'बोला दाजी' म्हणता आणि त्याच श्वासात समोरच्या गिऱ्हाइकाला फवारणीचे प्रमाण सांगू लागता. मागील खेपेस माझ्या रक्तदाबाविषयीचा आपला सल्ला आणि पंधरा लिटरच्या पंपात किती औषध टाकावे याविषयीचा सल्ला एकमेकांत असे मिसळले, की मी काही दिवस भीत भीतच गोळी घेत होतो. शिवाय आमच्या विहीणबाईंना, म्हणजे कोमलच्या सासूबाई गोजराबाईंना, हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी वाचून दाखवण्याचे मी कबूल केले आहे. 'माझ्याबद्दल काय लिवलंय ते कळू द्या' ही त्यांची अट आहे आणि मी त्यांच्या घरात राहतो. तेव्हा आपणांस पूर्वीपासून ठाऊक असलेल्या काही गोष्टी येथे पुन्हा आल्या, तर त्या विहीणबाईंच्या सोयीसाठी आहेत असे समजून वाचाव्यात.

विषय लेथचा आहे. हा शब्द वाचताच आपण खुर्चीत सरसावून बसला असाल, म्हणून आरंभीच स्पष्ट करतो, की लेथ मी कोणास दिलेले नाही, विकलेले नाही आणि देण्याचा विचारही नाही. मामांनी, म्हणजे आपल्या वडिलांनी, कळमनुरीचा कारखाना आवरताना धातू कातण्याचे ते लहान लेथ मुलाला न देता मुलीच्या, म्हणजे जनकाच्या, आंदणात का घातले, हा प्रश्न आपण गेली कित्येक वर्षे दर भाऊबीजेला, ओवाळून घेतल्यानंतर आणि ताटात ओवाळणी टाकण्यापूर्वी, 'आमचं लेथ बरं हाय का?' एवढ्याच शब्दांत उपस्थित करीत आला आहात. जनकाही प्रत्येक वेळी 'बरं हाय, तुझी याद काढतंय' असे म्हणून ताट आणखी थोडे पुढे सरकवीत असे. यंदा भाऊबीज झाली नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही आणि उत्तरही गेले नाही. लेथ बरे आहे, असे मी या पत्राने कळवू इच्छितो. मात्र ते सध्या अनेक ठिकाणी बरे आहे.

ज्या दिवशी जनका दवाखान्यात गेली, त्या दिवशी सकाळी तिने चकमध्ये पितळेची एक कांडी धरली होती. (विहीणबाईंसाठी: चक म्हणजे लेथच्या तोंडाशी असलेला लोखंडी पंजा. त्याच्या तीन जबड्यांत काम घट्ट धरायचे आणि गरगर फिरवून कातायचे.) कांडी निम्मी कातून झाली होती, निम्मी ओबडधोबड होती. काय करते आहेस, असे मी शेडच्या दारातून विचारले, तेव्हा तिने नेहमीचे उत्तर दिले, 'झाल्यावर कळंल.' मग यंत्र बंद केले, चिंधीला हात पुसले आणि 'येते जाऊन' म्हणून ती गेली. ती कांडी आषाढापासून तशीच चकमध्ये आहे. जबड्यातून काम एकदा काढले, की ते पुन्हा तंतोतंत त्याच मध्यावर बसत नाही, हे मला तिनेच सांगितले होते. सांगितले म्हणण्यापेक्षा सुनावले होते, कारण मी एकदा धूळ पुसण्याच्या सद्हेतूने असेच एक काम काढून, स्वच्छ करून, परत लावून ठेवले होते. तेव्हा ते तीन जबडे कोणालाही उघडू द्यायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट मी मनाशी धरली. बाकी लेथचे काहीही होवो, असे मी त्या वेळी स्वतःशी म्हणालो होतो. ते पुढे अक्षरशः तसेच घडले.

मी हट्टा गावी एकट्याने राहू नये, हिंगोलीस तिच्याकडे यावे, असा कोमलचा आग्रह दिवाळीपासून वाढत गेला आणि जावई रुद्र यांनीही त्यास पाठिंबा दिला. मी दोन अटींवर संमती दिली. लेथ माझ्याबरोबर येईल, आणि चक उघडला जाणार नाही. कोमलने दोन्ही अटी विनाचर्चा मान्य केल्या. राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने विनाचर्चा मंजूर होणाऱ्या ठरावाकडे संशयाने पाहावयास हवे होते. जिच्याशी चर्चा करावयाची असते ती व्यक्ती सभागृहाबाहेर आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

लेथ हलवण्यासाठी मी शेजारच्या ग्यानबास पाचारण केले. ग्यानबा पंचक्रोशीतील विहिरींतून जळालेल्या मोटारी वर काढण्याचे काम करतो. त्याच्यापाशी तीन बल्ल्यांची तिकटी, साखळीची पुली आणि ओरडणारी माणसे असतात. 'सर, पन्नास हात खोलातून मोटार काढतो, हे तर उघड्यावर उभं हाय,' असे म्हणून त्याने शेडमध्ये तिकटी उभी केली. लेथ वर उचलले गेले आणि उत्कृष्ट उचलले गेले. परंतु वर आलेली वस्तू त्यापुढे कोठे न्यायची, हा प्रश्न त्या मंडळींना आजवर पडलेला नव्हता, कारण विहिरीला काठ असतो आणि मोटार त्यावर ओढून घेता येते. शेडला काठ नव्हता. म्हणून त्यांनी ते आणखी वर घेतले. त्याबरोबर तिकटीचे डोके छताच्या पत्र्याला लागले, पत्रा खिळ्यांसह उचलला गेला आणि शेडमध्ये एकदम स्वच्छ उजेड पडला. लेथ हवेत स्वतःभोवती संथपणे फिरत होते. ग्यानबा खालून त्याच्याकडे पाहत म्हणाला, 'सर, वजन काही न्हाई त्याच्यात, फक्त ऐकत न्हाई.' शेवटी ते होते तेथेच पुन्हा उतरवून, खोलून सुटे करून न्यावे, असे ठरले.

आता सुटे केलेले यंत्र पुन्हा जोडायचे, तर खुणा हव्यात. कागदाच्या चिठ्ठ्या तेलात भिजून निरुपयोगी होतात. खडूही तेलकट लोखंडावर उमटत नाही. शेडमध्ये जनकाचे चिंध्यांचे गाठोडे होते, जुन्या पातळांच्या पट्ट्यांचे, ज्यांनी ती यंत्र पुसत असे. मी त्यांतून खुणांची एक पद्धत सिद्ध केली, आणि ती निर्दोष होती हे मी आजही ठामपणे सांगतो. यंत्राच्या डोक्याकडचे सर्व सुटे भाग हिरव्या इरकलीच्या पट्ट्यांनी बांधले. शेपटाकडचे भाग मोहरीच्या रंगाच्या पातळाने, जे कोमलच्या बारशाचे. मधल्या गाड्याचे भाग जांभळ्याने, जे कळमनुरीच्या बाजारात घेतले आणि पहिल्या धुण्यात ज्याने माझे दोन सदरे रंगवले. दातेरी चाकांना ठिपक्यांचे. एका गाठीचा भाग आधी बसवायचा, दोन गाठींचा त्यानंतर, असा क्रम. हे कोठेही लिहून ठेवण्याची आवश्यकता मला वाटली नाही. कोणते पातळ कोणते, हे मला विचारावे लागत नाही.

(आपण म्हणाल, मोबाइलवर छायाचित्रे का काढली नाहीत. काढली. मी खोलत होतो, म्हणून फोन ग्यानबाच्या पुतण्याकडे दिला होता. प्रत्येक छायाचित्रात ग्यानबा यंत्रासमोर, जणू त्याचा सत्कार आहे अशा रीतीने, हात जोडून उभा आहे. यंत्र त्याच्या मागे असावे.)

चक मात्र उतरेना. तो आट्यांवर बसतो आणि वर्षानुवर्षे फिरून घट्ट झालेला असतो. ग्यानबाने पहार मागवली आणि उपाय सांगितला. 'जबडे ढिले करा, ते पितळ काढा, मधी पहार घालतो. एका झटक्यात उतरतंय का न्हाई बघा.' पितळ काढता येणार नाही, असे मी म्हणालो. 'काहून?' मी त्याला मध्याचे तत्त्व समजावून सांगितले. पुन्हा त्याच जागी बसत नाही, वगैरे. 'मंग दुसरं पितळ आणू की सर, वसमतला मिळतंय.' मी चकवर तळहात ठेवून उभा राहिलो, आणि तो तेथून काढला नाही. ग्यानबाने माझ्या हाताकडे पाहिले, मग अर्ध्या कातलेल्या कांडीकडे, आणि पहार स्वतःच बाजूला टाकून आपल्या माणसांवर ओरडला, 'वहिनीचं चालू काम हाय ते! लोखंड हाणायला आलात का? लाकूड आणा!' मग बाभळीचा ठोकळा एका जबड्याखाली अडवून यंत्र हाताने उलटे फिरवले. ते फिरेना, फिरेना, आणि मग एकदम फिरले. चक मी झेलला. हातांनी झेलण्याचा विचार होता, प्रत्यक्षात गुडघ्याने झेलला. ग्यानबाने धावत येऊन आधी 'पितळ बरं हाय का?' असे विचारले आणि नंतर 'गुडघा?' असे विचारले. प्रश्नांचा क्रम मला मान्य होता. पितळ बरे होते.

टेम्पो भरला, तेव्हा शुक्रवार मावळत होता. ग्यानबा जाताना घुटमळला. 'सर, उद्या शनिवार. शनवारी लोखंड घरात नेत न्हाईत. आईतवारी जावा.' रुद्र यांना शनिवारी सुट्टी असल्याने मी तोच दिवस मुद्दाम निवडला होता. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे राज्यघटनेनुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, हे मी त्यास सविस्तर सांगितले. त्याने ते आदराने ऐकून घेतले आणि विचारले, 'व्हय सर, पण हे तुमच्या इहीणबाईला माहीत हाय का?'

माहीत नव्हते. जवळा बाजार, औंढा करीत आम्ही हिंगोलीस पोहोचलो. मी चालकाशेजारी, मांडीवर चक, चकवर दोन्ही हात. दारात विहीणबाई उभ्या होत्या, एक हात या चौकटीवर आणि एक त्या. 'या इवाई, तुमी आत या. लोखंड भाईर.' मी नम्रपणे निदर्शनास आणले, की निषेध आहे तो शनिवारी लोखंड विकत घेण्याचा. हे आंदणातले, म्हणजे स्थलांतरित लोखंड आहे, नवे नव्हे. त्या म्हणाल्या, 'लोखंडाला काय म्हाईत ते जुनं हाय का नवं?' मी म्हणालो, मग लोखंडाला शनिवार आहे हे तरी कसे माहीत? त्यावर त्यांनी बोट दाखवले. टेम्पोच्या फळीतून रस्त्यावर थेंब पडत होते. 'आन् तेल! शनवारी लोखंड आन् तेल संगट! लेकाच्या डोक्यावर काय साडेसाती बांधता का इवाई?' मी कोमलकडे पाहिले. तिने तटस्थता जाहीर केली, म्हणजे ती डोळे पुसत आत गेली. मी रुद्र यांच्याकडे पाहिले. टेम्पोच्या चाकात हवा आहे की नाही, हे पाहण्याची त्यांना त्याच क्षणी निकड भासली. ठराव फेटाळला गेला. लेथ ओट्यावर उतरवण्यात आले.

उरला मांडीवरचा चक. तोही लोखंडाचाच. तो बाहेर ठेवून मी आत जावे, असे विहीणबाई म्हणाल्या. मी म्हणालो, हा जेथे राहील, तेथे मी राहीन. हे मी कोणत्याही आवेशाने म्हणालो नव्हतो. गुडघा सुजल्यामुळे उठणे तसेही अवघड होते. परंतु त्याचा परिणाम आंदोलनासारखा झाला. मी ओट्यावर बसलो. चहा बाहेर आला. जेवणाचे ताट बाहेर आले. समोरचे किराणा दुकानदार गुलाबचंदजी येऊन हळूच विचारून गेले, 'गुरुजी, घर में कुछ हुआ क्या?' गल्लीतील दोन बायांनी पदर तोंडाला लावून, गोजराबाईनं इवायाला दारातच बसवलं गं, असे एकमेकींना, परंतु सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. विहीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या मांडीवरच्या वस्तूकडे प्रथमच नीट पाहिले. 'हे मधी पिवळं काय हाय?' पितळ, मी म्हणालो. 'तुमीच ठिवलं?' नाही, मी म्हणालो. जनकाने ठेवले आहे, काम अर्धे आहे.

मग गल्लीला ऐकू जावे अशा आवाजात त्यांनी निवाडा दिला, 'पितळाला शनवार न्हाई. पितळ खुशाल आत येऊ द्या. भवताली लोखंड हाय ते त्याचं डबं हाय, डब्याला कोण इच्यारतं?' आणि त्यांनी चौकटीवरचा हात काढला. दादा, मी अनेक वर्षे मुलांना न्यायसंस्थेचे कार्य शिकवले. निकाल न बदलता त्यातून वाट काढून देणे मला पुस्तकातून इतके स्पष्ट कधी दाखवता आले नव्हते. चक आत आला. तो माझ्या खोलीत, देवळीत आहे.

येथवर कोणाची चूक म्हणता येणार नाही. पुढचे मात्र घडले ते केवळ मायेपोटी, त्यामुळे त्यावर उपाय नाही. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी मला काही दिवस पलंगावर खिळवले. रविवारी लेथ मागच्या खोलीत गेले, असे मला कळवण्यात आले आणि मी निश्चिंत झालो. परंतु त्याआधी शनिवारीच, लोखंड ओट्यावर पडलेले असताना, विहीणबाईंना त्यावरच्या पट्ट्या दिसल्या होत्या. पातळांचे तुकडे आहेत आणि कोणाच्या पातळांचे, हे त्यांनी ओळखले. सुनेच्या आईचे लुगडे तेलात माखून, लोखंडाला बांधून, शनिवारी उघड्यावर पडलेले त्यांना पाहवले नाही. त्यांनी एकेक गाठ स्वतः सोडली. पट्ट्या सोड्यात भिजवल्या, उकळल्या, वाळवल्या. आणि मी पलंगावर पडून छताकडे पाहत असता, शेजारच्या खोलीत बसून त्यांनी त्या पट्ट्यांची वाकळ शिवली. मायेच्या माणसाचे जुने लुगडे वाकळीत जावे, अंगावर राहावे, ही आपल्याकडची रीत मला नवी नाही. माझ्या आईची वाकळ मी कॉलेजच्या वसतिगृहात नेली होती.

थंडी पडली तशी एक दिवस त्यांनी ती आणून माझ्या अंगावर घातली आणि निघून गेल्या. मी पाहिले. छातीवर हिरवी इरकल होती, म्हणजे यंत्राचे डोके. पोटावर जांभळा गाडा. गुडघ्यांवर ठिपक्यांची सर्व दातेरी चाके. पायाशी मोहरीचे शेपूट. माझा संपूर्ण आराखडा, धुऊन स्वच्छ केलेला, बारीक टाक्यांनी पक्का शिवलेला, माझ्या अंगावर होता. आणि मागच्या खोलीत लोखंडाचा एक उघडाबोडका ढीग पडलेला होता, ज्यातील कोणता तुकडा कोठला, हे आता कोणासही सांगता येणार नव्हते.

ही गोष्ट उघड झाल्यावर विहीणबाईच प्रथम बोलल्या. 'उसवू का इवाई?' मी नको म्हणालो. उसवूनही उपयोग नव्हता, कारण पट्ट्या सुटल्या तरी त्या कोणत्या तुकड्यावर होत्या हे परत येणार नाही. (हे कारण मी त्यांना दिले. ते खरे आहे. वाकळ उबदार आहे, हेही खरे आहे.)

रुद्र यांनी मोबाइलवर चित्रफिती पाहून लेथ जोडण्याचा प्रयत्न केला. वीज कंपनीतील माणूस, हुशार आहे. सायंकाळपर्यंत लेथसारखे दिसणारे काहीतरी उभे राहिले. त्याचे हँडल फिरवले असता गाडा स्वस्थ राहतो आणि खालची पेटी चालू लागते. शिवाय बादलीभर भाग उरले. 'नवीन मॉडेलमधी लागत न्हाईत पप्पा,' असे ते म्हणाले. मी त्यांना दुखवले नाही. त्यानंतर त्यांची नजर देवळीतील चककडे जाऊ लागली आहे. हे पितळ काय असावे, याविषयी घरात मते पडली आहेत. ग्यानबाचा फोन आला, तो म्हणतो पंपाचा बुश. रुद्र म्हणतात नळाच्या तोटीचा भाग. विहीणबाई म्हणतात, कुंकवाच्या करंड्याचे बूड, आणि त्याविषयी त्यांना शंकाच नाही. एकदा जबडे उघडून हातात घेऊन पाहू म्हणजे वाद मिटेल, असा विचार घरात बळावत आहे. कोमल मात्र येता जाता त्या कांडीवरची धूळ पदराने न पुसता फुंकरीने उडवते.

तेव्हा विनंती अशी, की हंगामाची गर्दी ओसरताच आपण एक-दोन दिवस येऊन लेथ जोडून द्यावे. मामांच्या हाताखाली ते यंत्र आपण लहानपणी खोलून मार खाल्ला आणि जोडून शाबासकी घेतली, असे जनका सांगत असे. कोणता तुकडा कोठला, हे आपल्या बोटांना आठवत असेल. चक उघडण्याचा प्रश्न येणार नाही, हे आपणांस वेगळे सांगणे नको. वहिनींनाही आणावे. विहीणबाईंना कमरेच्या दुखण्यावर ठाम मते आहेत.

आपला,
शिवशंकर

ता. क. — वरील पत्र विहीणबाईंना वाचून दाखवले. त्यांची एकच दुरुस्ती आहे: 'मी दार अडवलं न्हवतं, दारात उभी होते.' ही दुरुस्ती मूळ मजकुराचा भाग समजावी. वाकळीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि दोन्ही वेळा, चष्मा आणते म्हणून आत गेल्या. त्या चष्मा वापरत नाहीत.

यापुढचा मजकूर मी कोणास वाचून दाखवणार नाही. लेथ जोडणारी माणसे हिंगोलीत मिळतात. रुद्र यांनी एकाला बोलावलेही होते. मीच त्यास दारातून परत पाठवले. दादा, मला लेथ चालवायला शिकायचे आहे. जनकाचा दुसरा, जुना चक आहे. त्यावर साध्या लोखंडाचे कितीही तुकडे वाया घालवीन, आणि हात बसला, की हा चक आहे तसा यंत्रावर चढवून कांडीचे उरलेले काम पुरे करीन. मामांनी आपणां दोघा भावंडांना शिकवले तसे मला शिकवावे. चुकल्यास कानाखाली वाजवण्यास हरकत नाही. मात्र विहीणबाईंसमोर नको.

लेथ 'देण्याचा विचारही नाही' असे आरंभी लिहिले आहे. ते वाक्य कांडी पुरी होईपर्यंतच लागू समजावे. त्यानंतर लेथ आपले आहे, आणि ते सेनगावी न्यावे. शनिवारी नेऊ नये. पुढील भाऊबीजेला मी आपल्याकडे येईन आणि ताट समोर असताना 'आमचं लेथ बरं हाय का?' असे विचारीन. उत्तर काय द्यायचे, ते आपणांस पाठ आहे.

शेवटचे. चककडे पाहताक्षणी ती कांडी काय होणार होती, हे आपणांस उमगेल; तिचे आणि आपले हात एकाच ठिकाणी घडले आहेत. उमगले, तरी मला सांगू नये. झाल्यावर कळंल.